कोरड्या जागी ठेवावी

ता. ४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि. तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, हातात तापलेली इस्त्री होती आणि पलीकडून तू रडत होतीस. त्यातून मला फक्त हप्ता हा शब्द कळला. म्हणून लिहून विचारते, लिहूनच उत्तर दे. आपला बसड्रायव्हर पत्र पोचवेल. मेला कॉलर कडक मागतो आणि पैसे द्यायच्या वेळी नरम पडतो. तेवढीच त्याची उधारी फिटेल.

वरच्या मजल्यावरच्या नर्सनं तुझा फोटो दाखवला. खांद्याला ती नवी पिशवी. नर्स म्हणाली, आजी, हिला पिशवी नाही म्हणायचं, बॅग म्हणायचं, आणि मग तिनं किंमत सांगितली. मी इस्त्री बाजूला ठेवली म्हणून वाचले, नाहीतर बँकेतल्या साहेबाच्या पँटला भोक पडलं असतं. अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत असं तुला शिकवलं, तर तू अंथरूणच हप्त्यानं आणलंस!

फोटोत बॅग गुबगुबीत दिसते आणि तुझे गाल बसलेत. जेवतेस का? रडायचं कारण काय ते सरळ लिही. रागावायचं ते नंतर बघू.

तुझी,
आजी

ता. ८ ऑगस्ट

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचलं. आमचं ऑफिस म्हणजे एक नमुन्याचं घर आहे. न बांधलेल्या इमारतीतलं घर कसं असेल ते लोकांना दाखवायला सजवलेलं. फ्रिज आहे, चालू नाही. नळ आहे, पाणी नाही. फळं प्लॅस्टिकची. हे घर मी दिवसभर श्रीमंतांना दाखवते.

आमच्या मालकीण मॅडम म्हणतात, गिऱ्हाईक आधी आपल्या चपला बघतं, मग घड्याळ, मग बॅग. विकणारीच कंगाल दिसली तर एवढं महागडं घर तिच्याकडून कोण घेईल? मी आणि दुसरी एक मुलगी, दोघी कच्च्या नोकरीवर आहोत. मॅडम परदेशातून आल्या की दोघींतल्या एकीलाच पक्कं करणार. त्या मुलीकडे तसली बॅग आहे. मग मीही कार्डावर घेतली. वर्षभराचे हप्ते, बिनव्याजी. पण एक जरी चुकला तरी सगळ्या रकमेला व्याज लागतं.

आजी, मी वेडी नाही गं. सगळं मांडून बघितलं होतं. आधीच्या स्टॉपवर उतरून चालत यायचं, केस घरीच कापायचे, दुपारचा डबा बंद. तसाही डबा बॅगेत ठेवता येत नाही, तेल लागेल. कागदावर सगळं बसत होतं. पण पगारच आला नाही. हिशेबाच्या खोलीतले म्हणतात, कॉम्प्युटर बदलतोय, होईल. हप्ता वीस तारखेला आहे. घरमालकीण रोज जिन्यात उभी राहून माझ्याकडे बघते, बोलत काही नाही. ती बोलली तर बरं वाटेल.

आता त्यात आणखी एक. माझ्या खोलीची भिंत ओली आहे. काल बॅगेवर पांढरी बुरशी दिसली. बॅगेसोबत आलेल्या चिठ्ठीवर छापलंय, कोरड्या जागी ठेवावी. तुझ्या दुकानाइतकी कोरडी जागा जगात नाही. मॅडम महिनाअखेरीला येतील, तोवर वरच्या फळीवर ठेव. जमिनीवर ठेवू नकोस, इस्त्रीजवळ नेऊ नकोस आणि कुणालाही हात लावू देऊ नकोस. तुला माझी शपथ.

तुझी,
भिंगरी

ता. १३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. तुझी राणीसरकार पोचली. खोक्यात कापडी पिशवी, त्या पिशवीत ही, आणि हिच्या पोटात कोंबून कोंबून कागद. तुझ्या पोटात काही नाही आणि हिचं पोट गच्च! बुरशी दोन दिवसांत गेली. वास मात्र बरा आहे, नवीन बुटासारखा.

शपथेचं म्हणशील तर ती मी घेतलीच नव्हती, तू परस्पर घातलीस. नर्सला मोठ्या दवाखान्यात मुलाखत होती. तिनं एक दिवसासाठी बॅग मागितली. मी म्हटलं, फुकट नाही. भाडं आगाऊ, आणि अनामत म्हणून कानातलं ठेव. तिनं काढून दिलं. मग झेरॉक्सवाल्याच्या बायकोला नणंदेसमोर मिरवायचं होतं. मग एक जण आली, तिला नुसता फोटो काढायचा होता. तिच्याकडून अर्धं भाडं घेतलं, कारण ती दुकानाबाहेर गेलीच नाही. प्रत्येकीला पावती. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बांधतो तसा नंबराचा कपडा बॅगेला बांधलाय, म्हणजे कुणाची कुणाशी बदलायला नको.

सोबत पाकीट आहे. या महिन्याचा हप्ता त्यातून भर. राहिलेल्यातून डबा सुरू कर. घरमालकिणीकडे आपण होऊन जा आणि तारीख मागून घे. गप्प बसणारा सावकार बोलणाऱ्यापेक्षा वाईट.

पगाराचं काय झालं? कॉम्प्युटर बदलायला एवढे दिवस लागतात?

तुझी,
आजी

ता. १७ ऑगस्ट

ती. आजीस,
सा. न. वि. वि. पाकीट मिळालं, हप्ता भरला. ते भरताना रडू आलं, आणि तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना घाम फुटला. भाड्यानं? नणंदेसमोर? आणि नंबराचा कपडा बांधला तो टाचणीनं नाही ना? खरं सांग. टाचणी टोचली असेल तर भोक बुजत नाही.

आता नीट वाच. मॅडम लवकर परत येताहेत. बावीस तारखेला सोमवारी सकाळी आम्हा दोघींना आत बोलावणार आणि तिथंच कोण राहणार ते ठरणार. ती दुसरी मुलगी आत्तापासून नवे कपडे आणतेय. माझी नोकरी गेली तर खोली गेली, आणि उरलेले हप्ते गळ्यात. शनिवारपर्यंत काहीही करून बॅग पाठव. ड्रायव्हरच्या सीटमागे नको, त्याच्या मांडीवर ठेव म्हणावं.

मला झोप लागत नाही. डोळे मिटले की बॅगेवर ओरखडा दिसतो.

भिंगरी

ता. २० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. कपडा दोऱ्यानं बांधलाय. मी कपड्यांतच जन्म काढला, मला टाचणी शिकवू नकोस.

आता वाईट बातमी. नर्सला दुसऱ्या मुलाखतीला बोलावलं, बाहेरगावी. बॅग घेऊन ती गुरुवारीच गेली आणि तुझं पत्र मला शुक्रवारी मिळालं. फोन लावला तर लागत नाही. ती सोमवारी संध्याकाळी येणार. पळून जाणार नाही, कानातलं माझ्याकडे आहे. पण तुझा सोमवार सकाळचा आहे, हे मला कळतं.

रिकाम्या खांद्यानं जाऊ नकोस. गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायची आपली पिशवी पाठवतेय. धुतली, कांजी घातली, कडक इस्त्री केली. उभी राहते बघ, टेकू लागत नाही. आत डबा आहे, तो आत जायच्या आधी खा. उपाशी माणूस उगाच हो ला हो करतो.

आज माझ्या हातून शर्टाची बाही जळली. आजवर कधी झालं नव्हतं. झालं एवढंच सांगते.

आजी

ता. २२ ऑगस्ट

ती. आजीस,
सा. न. वि. वि. काय लिहू आणि कुठून लिहू? डबा खाल्ला आणि आत गेले. मॅडमनी वर बघितलं आणि पहिलाच प्रश्न बॅगेचा. खोटं बोलायचं ठरवून गेले होते, दुरुस्तीला दिलीय म्हणणार होते. पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. म्हटलं, आजीनं भाड्यानं दिलीय.

मॅडम उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी सामान बांधायला लागले. तर त्यांनी हळूच विचारलं, दिवसाला किती मिळतं? भाडं आगाऊ घेते का तुमची आजी?

त्यांची बॅगही हप्त्यावर आहे, आजी! माझ्या तिप्पट किमतीची. कपाटातून काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, हीही भाड्यानं लावायला सांगा, पण कुणाला कळायला नको. मला पक्कं केल्याचं पत्र त्यांनी तिथंच सही करून दिलं. दुसरी मुलगी आलीच नव्हती. ती शनिवारीच सोडून गेली म्हणे. पगाराचं विचारलं तर पुढच्या महिन्यात एकदम देऊ म्हणाल्या.

सकाळी आनंदानं जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. संध्याकाळी वॉचमननं सांगितलं, त्यालाही पगार नाही.  पक्कं झाल्यावरही भीती का वाटते गं? मॅडमची बॅग ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. सांभाळ.

तुझी,
भिंगरी

ता. २४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. भीती वाटते, कारण तुला अक्कल आहे. जिथं मालकीणच अंगावरची पिशवी भाड्याला काढते, तिथं पक्की नोकरी म्हणजे पाण्यावरची रेघ. ती दुसरी मुलगी नुसती नटवी नव्हती, वेळेवर ओळखून निघून गेली. उद्यापासून दुसरीकडे बघायला लाग, गाजावाजा न करता.

तुझी बॅग आली. ओरखडा नाही. नर्सला नोकरी लागली आणि तिला आता ही विकतच हवी आहे. हप्त्यानं देते म्हणाली. मी म्हटलं, बाई, हप्त्यांनी या घराचं रक्त प्यायलंय, रोख असेल तर बोल. ती भावाकडून आणतेय. तू हो म्हण म्हणजे तुझ्या कार्डाची कटकट एकदम मिटवू. थोडं कमी पडेल, ते भाड्याच्या पैशांतून घालू.

मॅडमची बॅगही पोचली. नंबर बांधून वरच्या फळीवर ठेवलीय, आणि तिथंच राहील. भाड्यानं द्यायची नाही. सोबत पावती आहे, ती त्यांच्या हातात दे. पावतीच्या मागं आपल्या दुकानाचा नियम छापलाय, तो त्यांना चष्मा लावून वाचायला सांग. पैसे चुकते केल्याशिवाय माल परत मिळणार नाही. पैसे किती ते मी पुढच्या बाजूला लिहिलंय. तुझा थकलेला सगळा पगार, आणि त्याखाली वॉचमनचा.

वाटेल तेवढा वेळ घ्या म्हणावं. जागा कोरडी आहे.

डबा खात जा. पिशवी मात्र परत पाठव, बँकेतल्या साहेबाच्या पँटी पोचवायच्या आहेत. माझी माया आहे तशीच आहे, तिला हप्ता नाही.

तुझी,
आजी