भट्टीच्या लेखी आत कोणी नाही

३ मार्च
आजपासून मी, भूमिका, कळमेश्वरच्या कारखान्यात प्रोग्रॅमर! जरीपटक्याहून बसने आले, खिडकीची जागा मिळाली. इथे लोखंडी कपाटं बनतात. रंगवलेली कपाटं खोलीएवढ्या भट्टीत भाजतात. माणूस आत जाताना कार्ड लावतो, निघताना पुन्हा लावतो. आत कोण आहे, कोणत्या ठेकेदाराचा आहे, याची यादी प्रोग्रॅम एक्सएमएल नावाच्या ठरावीक साच्यातल्या फाइलीत बनवतो आणि भट्टी ती वाचते. फाइलीत कोणी नसेल तरच दार बंद होऊन आच सुरू होते. आमचे मॅनेजर उन्मेष सर म्हणाले, एकदम सोपं काम आहे. मला तर फारच आवडलं.

५ मार्च
जुना प्रोग्रॅम वाचला आणि डोकं फिरलं. ठेकेदाराचं नाव ‘चंपतराव & सन्स’. एक्सएमएलमध्ये & नुसतं लिहिलं की फाइल बिघडते. त्याला लागून amp; लिहायचं, बस. पण कुण्या आळशाने & दिसलं की तो माणूसच फाइलीतून गाळलाय! म्हणजे ठेक्याचा माणूस आत एकटा असला, तर भट्टीच्या लेखी आत कोणी नाही. सरांना सांगितलं. म्हणाले, चलता है. माणसं भाजून निघतील आणि हे म्हणतात चलता है!

६ मार्च
न विचारताच दुरुस्ती केली. लगेच भट्टी अडली, दार बंदच होईना. फाइलीत एक जण आत: दुर्गेश, चंपतरावांचाच माणूस. आत पाहिलं तर कोणी नाही. तो फेब्रुवारीत आत गेला, निघताना कार्ड लावलेलंच नाही. सर म्हणाले, काम सोडून पळाला तो, नाव पुसून टाक. मी पुसणार नाही म्हटलं.

७ मार्च
गेटवर जिजाबाई भेटली, दुर्गेशची आई. खापरखेड्याहून रोज येते, वॉचमन रोज हाकलतो. म्हणाली, “माहा पोरगा मले न सांगता कुठंच जात नाही वं. त्याच्या चपला अजून अंदरच हायेत म्हने.” चपला खरंच भट्टीबाहेर पडल्या आहेत. एका कामगाराने खाली मान घालून सांगितलं की फेब्रुवारीत एकदा सरांनी सगळ्यांना सुट्टी देऊन भट्टी स्वतः साफ केली.  

८ मार्च
भट्टीतून ठोकल्याचा आवाज. रिकाम्या, थंड भट्टीतून. सगळे ऐकतात. पुन्हा कामाला लागतात. भेकड —

१० मार्च
पोलिसांकडे जाऊन आले, ते पुरावा मागतात. जेवणाच्या सुट्टीत भट्टीत आले, कार्ड लावून. माझी नेमणूकही चंपतरावांतर्फेच, पण माझी दुरुस्ती चालू आहे तोवर भट्टी पेटणार नाही. मोबाइलवर लिहितेय. दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे. खोल. नखांचे. फोटो काढले, जिजाबाईला दाखवीन, मग या उन्मेषला —

दार लागलं.

मोबाइलवर फाइल उघडली. रिकामी. दुर्गेश नाही. मी नाही. हरामखोराने जुना प्रोग्रॅम परत टाकला —

फोन कोणी उचलत नाही. पंखे सुरू झाले. जमीन तापतेय — दार ठोकतेय मी, जोरात —

थांबले. ठोकणं थांबलं नाही. माझ्या शेजारीच, अंधारात, आणखी कुणीतरी ठोक