चव्वेचाळीस नंबरची तारीख

जुळे सोलापूर, बुधवार

ती. स्व. शिवानंदमामांस,

अमरेशचे शरणु शरणार्थी. गुडघा कसा आहे? मामी सांगत होती, वैद्याचं तेल तुम्ही गुडघ्यापेक्षा दाराच्या बिजागरीलाच जास्त लावता. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे सोमवारपर्यंत होतो.

रुद्रभूमीच्या वेबसाइटचं काम तुमच्या शब्दावर मिळालं, म्हणून हे आधी तुम्हालाच सांगतो. (फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि ऐकायला गल्ली.) समाजाच्या दफनाच्या वहीतल्या नोंदी संगणकावर घ्यायच्या होत्या. नाव, गाव, जागेचा नंबर, मृत्यूची तारीख. मी ज्या भाषेत हे लिहितो ती पीएचपी आजवर फार मवाळ होती. वयाच्या रकान्यात पत्ता टाकला तरी मुकाट गिळायची. आता आमच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती आली आहे, आणि तिच्यात प्रत्येक रकान्याचा प्रकार आधीच जाहीर करता येतो. इथं आकडाच, इथं तारीखच. दुसरं काही आलं, किंवा काहीच आलं नाही, तर ती जागच्या जागी थांबते. (लग्नं जमवतानाही अशी सोय हवी होती.) मी उत्साहानं जाहीर केलं की मृत्यूची तारीख रिकामी चालणार नाही. रुद्रभूमीत जागा मिळालेल्या माणसाला तारीख नसेल कशी?

सोमवारी भर दुपारी यादी चालवली. त्रेचाळीस नोंदी सरसर गेल्या आणि चव्वेचाळिसाव्या नोंदीवर सगळं थांबलं. बसलिंगप्पा. नाव आहे, जागा आहे, तारीख नाही. खाली रस्त्यावर उन्हात एक रिक्षासुद्धा नव्हती. पुन्हा चालवली, पुन्हा तिथंच. समितीला संध्याकाळी यादी हवी होती, म्हणून मी तात्पुरती येत्या शुक्रवारची तारीख टाकली. त्या दिवशी वेबसाइटचं उद्घाटन आहे, ती तारीख बोटांवर बसली होती. यादी सुटली. समाजाच्या ग्रुपवर पाठवली, सतरा अंगठे आले. वाचली कोणीच नाही, असं तेव्हा वाटलं.

काल खरी तारीख विचारावी म्हणून नोंदीतल्या नंबरवर फोन लावला. पलीकडून म्हाताऱ्या आवाजात "यारू?", कोण म्हणून, आलं. मी म्हटलं, बसलिंगप्पांच्या घरचं कोणी आहे का. आवाज म्हणाला, "मीच बसलिंगप्पा." मामा, मी फोन ठेवून दिला. (माफी मागायला हवी होती, पण मेलेल्या माणसाची माफी कशी मागतात ते माहीत नव्हतं.)

तसाच गाडी काढून होटगीच्या पुढं त्यांच्या गावी गेलो. घराला कुलूप. शेजारणीनं रुद्रभूमीकडं बोट केलं, जणू तिथं रेशनचं दुकान आहे. वाऱ्याचा पत्ता नव्हता. दाक्षायणीबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, समाधीपाशी ते उकिडवे बसले होते आणि शेजारच्या मोकळ्या जागेतलं गवत उपटत होते. त्या जागेवर दगड आधीच बसवलेला. दगडावर त्यांचंच नाव, जन्माची तारीख, आणि पुढं कोरा गुळगुळीत भाग. मागं न बघताच ते म्हणाले, "तारीखवाले तुमीच की."

मी घडाघडा सगळं सांगितलं. चूक माझी, आत्ता इथंच पुसतो. प्रकाराच्या आधी नुसतं प्रश्नचिन्ह लावलं की तारीख आली तर मशीन घेतं, नाही आली तर गप्प राहतं. (ही त्या भाषेचीच सोय आहे, मी बनवलेली नाही.) त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुसू नका."

तीन वर्षांपूर्वी दाक्षायणीबाई गेल्या तेव्हा लेक अक्षता करमाळ्याहून निघाली होती. उन्हाळा होता, लोक घाई करत होते, आणि यांनी कोणाला थांबवलं नाही. ती पोचली तेव्हा वरची माती सारखी करून झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद. सोमवारी ग्रुपवरच्या यादीत बापाच्या नावापुढं येत्या शुक्रवारची तारीख बघून तिचा फोन आला. रडली, भांडली, शाळेत शुक्रवारची रजा मागितली.

"ह्या टायमाला उशीर करनार न्हाय म्हणली," बसलिंगप्पा म्हणाले आणि त्या कोऱ्या भागावरची धूळ तळहातानं पुसत राहिले. "आता तिला कुटल्या तोंडानं सांगू, तारीख खोटी हाय म्हणून?"

मी तारीख पुसली नाही. आता यादी उघडली की चव्वेचाळीस नंबर न अडता सरळ जातो. मामा, थांबत होता तेच बरं होतं.

मामीला नमस्कार.

तुमचा,
अमरेश

ता. क. खरं काम असं. शुक्रवारी काहीतरी निमित्त काढून दिवसभर बसलिंगप्पांकडं बसा आणि मला तासातासाला फोन करा. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तरी बसा.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आज शनिवार. वरचं काम रद्द. उद्घाटन सोडून मीच जाऊन बसलो. अक्षता सकाळी सातला पोचली आणि दिवसभर बापाचा हात धरून होती. तारखेचं नाव कोणी काढलं नाही. दिवस मावळला तसे म्हातारबा दोन भाकरी जेवले. ती चार दिवस राहणार आहे. आज सकाळी त्यांचा फोन आला, "ती तारीख काढा आता." मी सुटकेचा निःश्वास सोडला. "आन् दिवाळीतली टाका. शाळेला सुट्टी असतीय." कुठल्या वर्षाची, म्हणून विचारलं. म्हणाले, "ह्याच की. लई लांबची नको." मी पाडव्याची टाकली आहे. समितीनं विचारलं तर सांगा, त्या भाषेत तसा नियमच आहे.