मार्लिस उभी राहणार का?

प्रिय ॲनिका,

नेब्रास्कात यंदा पेरणीचं कुणी बोलतच नाही. चर्चच्या जेवणात, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच विषय: तुझी आई सिनेटला अपक्ष उभी राहणार का? केस कापता कापता रॉस्कोने मलाच छेडलं. मी म्हटलं, बाबा रे, घरात रात्री जेवायला काय आहे तेही मला आयत्या वेळी कळतं.

खरं तर हे जानेवारीतच सुरू झालं. इथल्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद पडल्यापासून बायकांना शहर गाठावं लागतं. हिमवादळात, कळा सुरू झालेल्या कर्स्टनची गाडी वाटेतच अडकली. तुझी आई नर्सची नोकरी सोडून बसलेली, पण धावली आणि गाडीतच तिचं बाळंतपण केलं. मुलगी गुटगुटीत आहे. पुढे गावसभेत दोन्ही पक्षांची माणसं एकमेकांवर खापर फोडत बसली, तेव्हा आई उठली आणि तिने दोघांनाही असं झाडलं की राज्यभर तिचं नाव झालं.

मग दोन्हीकडचे पुढारी आळीपाळीने आपल्या स्वयंपाकघरात येऊन गेले. आईच्या हातचा ॲपल पाय खाऊन दोघांनीही तेच सांगितलं, तुम्ही आमची मतं खाल. आई शांतपणे म्हणाली, “तुमची? मला वाटलं, लोकांची असतात.”

मला आधी धास्तीच होती. तिचं वय, तो दुखरा गुडघा. पण आता मीच तिला गावोगाव फिरवतो. लोक तिच्या उमेदवारीच्या अर्जावर सह्या देतात, कॉफी पाजतात. गाडीत ती गुणगुणत असते. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. फक्त फोन वाजला की आधी नाव बघते, आणि तुझं नसलं की फोन उपडा ठेवते.

सोमवारी ती उमेदवारी जाहीर करणार आहे. तू ज्याचा प्रचार सांभाळतेस, त्याच्याच विरुद्ध. तुझ्यापायी गेल्या रविवारी ती माघार घ्यायला निघाली होती, मीच अडवलं. बातम्यांतून कळण्याआधी तुला घरून कळावं, म्हणून हे पत्र. तुला काय कळवू, विचारलं तर म्हणाली, “तिच्या माणसासाठी जीव तोडून काम कर म्हणावं. आई म्हणून सूट दिलीस तर खपवून घेणार नाही.” आणि मग पाठ फिरवून बराच वेळ भांडी घासत राहिली. ईस्टरला ये. तुमच्या प्रचाराची टोपी घालून आलीस तरी चालेल. माझं मत कुणाला ते मात्र विचारू नकोस; मला याच घरात राहायचं आहे.

तुझाच,
बाबा