गच्चीवरचं तांबडं लुगडं

क्रांती पोरी,

काल हैदराबादहून तू फोनवर विचारलंस, "आबा, आखातातल्या विमान कंपनीत माझी निवड झाली. तिथं लवकर कॅप्टन होईन. जाऊ?"

मी म्हटलं, "जा की! विचारतीस काय?"

तू चालवायचीस ते छोटं विमान आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरायचं, तेव्हा तुला वरून घर ओळखू यावं म्हणून तुझी आई गच्चीवर तांबडं लुगडं पसरायची. एकदा वाऱ्यानं ते शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेलं, तर उतरल्याबरोबर तुझा फोन, "आज घर हलवलं व्हय?" दिवसभर हसत होतो आम्ही.

तिथली मोठी विमानं आपल्याकडं उतरणार नाहीत. आज इथल्या छोट्या विमानावर तुझ्याऐवजी दुसराच पायलट होता, तरी आई लुगडं घेऊन वर गेली. मी हटकलं, तर म्हणाली, "कुणाचं तरी पोरच हाय की."

हे वाचलंस तर तू थांबशील. म्हणून पाठवत नाही.

तुझा आबा