गठ्ठा सोडायचा कोणी?

४ फेब्रुवारी
दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. त्यांचं गणित माझ्या गळ्यात! संस्कृत शिकवणाऱ्याला म्हणे मोकळे तास फार. जन्मभर समास सोडवले, आता दशकं सोडवतो.

घरातल्या सरबताच्या नळ्या शाळेसाठी काढल्या. "पाहुण्यांना काय चमच्याने पाजू?" — ही. विद्यादान आहे, म्हणालो. "मग दान आपल्या कपाटातलं करावं. पोथ्या न्या."

५ फेब्रुवारी
मजा आली! पोरांनी दहा-दहा नळ्यांचे गठ्ठे बांधले, वर रबर. पंचवीस लिहा म्हटलं तर अर्ध्या वर्गाने ५२ लिहिले. आधी पाच ऐकू येतो, तर आधी पाचच लिहिणार — बिचाऱ्यांचं काय चुकलं? दोन गठ्ठे नि पाच सुट्या नळ्या समोर मांडल्या, तेव्हा कुठे तह झाला.

सगळ्यात घट्ट गठ्ठे मुंगीचे. (नाव मीच ठेवलंय, सारखं काहीतरी ओढून नेत असते.) रबराचे दोन-दोन वेढे, टोकं एका रेषेत.

८ फेब्रुवारी
बेचाळिसातून सतरा काढायचे होते. मुंगीने एक गठ्ठा बाजूला ठेवला, दोन सुट्या ठेवल्या — आणि थांबली.

"अजून पाच हव्यात. एक गठ्ठा सोड."

"नाही सोडणार."

"का गं?"

"मी बांधलाय."



९ फेब्रुवारी
आजही तेच. नेमक्या मोठ्या बाई दारात उभ्या! "शनिवारी मी स्वतः विचारते. वजाबाकी जमली नाही तर पुन्हा पहिलीत बसू दे." पहिलीच्या बाकाखाली तिचे गुडघेसुद्धा मावायचे नाहीत.

तिने ऐकलं. रबराला आणखी एक वेढा दिला.

१० फेब्रुवारी
समजावलं. चुचकारलं. गठ्ठा जैसे थे.

११ फेब्रुवारी
मुंगीला कपाटातून आठ कोरे कागद आणायला सांगितले. दहाचं अख्खं पुडकं घेऊन आली.

"आठ म्हणालो होतो, बाईसाहेब."

"दोन ठेवून येते ना!" — की पळाली कपाटाकडे. आठ मोजायचाही कंटाळा! घरी सांगितलं, तर ही हसत सुटली. "कंटाळा पोरीला नाही हो." मग कोणाला, ते सांगेना.

१३ फेब्रुवारी
शनिवार. मोठ्या बाई समोर बसल्या. त्रेचाळिसातून अठरा. मुंगीपुढे चार गठ्ठे, तीन सुट्या.

मुंगीने दोन अख्खे गठ्ठे बाईंपुढे सरकवले.

"अगं, अठरा म्हटलं मी."

मुंगीने हात पुढे केला. "दोन परत द्या. मग माझ्याकडे पंचवीस."

मला कागदांचं पुडकं आठवलं. हिचं हसूही आठवलं.

"द्या ना, बाई."

बाईंकडे सुटी नळी एकही नाही! गठ्ठा त्यांनाच सोडावा लागला. सुटतोय कसला? चष्मा काढला, नखं लावली, शेवटी दात — आणि रबर फट्‌कन तुटून नळ्या वर्गभर. मुंगी नळ्या गोळा करायला बाकांखाली.

"जाऊ दे हिला तिसरीत," बाई ओठ चोळत म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी
सकाळी वर्गात आलो तर मुंगीने स्वतःचे सगळे गठ्ठे सोडून ठेवलेले! अगं, हे काय?

"मी बाकाखाली मोजल्या, सर. सुटल्यावरपण दहाच होत्या!"