तिच्या नावावर माझे डोळे

३ फेब्रुवारी
जामखेडला रुजू झाले. देवळाली प्रवऱ्याच्या उसात वाढलेल्या पोरीला हा कोरडा मुलूख मानवेल का, याची आईला काळजी. मला मात्र खोली आवडली, आणि खानावळीतली शेंगोळी त्याहून. डोळ्यांच्या दवाखान्यातलं नवं यंत्र माझ्या हवाली आहे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला की शिरांतल्या रक्तात प्राणवायू किती, ते कळतं. चांगला पडदा प्राणवायू खातो, म्हणून परतीच्या शिरेत तो पंचावन्न टक्क्यांच्या आसपासच उरतो. पडदा मरत चालला की खाणारंच कोणी राहत नाही, रक्त भरल्या ताटाने परत येतं आणि आकडा चढतो. सरावासाठी माझाच फोटो काढला. चोपन्न. अंगावर मूठभर मांस चढलं.

१९ फेब्रुवारी
वाडीवरची बनुबाई लेकीला घेऊन आली. राजनंदिनी, वय एकवीस, दिवेलागणीनंतर ठेचकाळते. परतीच्या शिरेत एकाहत्तर. लग्न मामाच्या मुलाशी ठरलंय आणि मामाने तपासणीचा कागद मागितलाय. बनुबाई माझ्या पायाशीच बसली. ताई, येवढं लगीन हुं द्या, मंग सांगू आमी, म्हणाली. राजनंदिनी हळूच म्हणाली की खरं तेच लिहा, मला कुणाला फसवायचं नाही. लग्न मोडलं तर हिचं कोण करणार, असं वाटून मी बनुबाईचं ऐकलं. तिचा फोटो पुसून माझा तिच्या नावावर चढवला. पुण्यच केलं म्हणायचं.

२ एप्रिल
राजनंदिनी गेली. सासरच्यांनी तिन्हीसांजेला शेततळ्यावर मोटर बंद करायला पाठवलं. दिसत नाही म्हणाली, तर कामचुकार ठरवलं. डोळे चांगले असल्याचा कागद घरात होताच. तळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेलं माणूस वर येत नाही. हे पाप माझं आहे.

९ एप्रिल
बनुबाई भिंत चाचपत आली. दोन महिन्यांपूर्वी ही बाई सुईत दोरा ओवत होती. पोरगी येती, म्हणाली. माजे डोळे घिऊन झाले, आता ताईचे न्यायचेत म्हनती. पोरगी म्हनती, त्ये माज्याच नावावर हायेत, कागद हाय.

१२ एप्रिल
माझा फोटो काढला. एकसष्ट. यंत्र बिघडलं असेल म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांचा काढला. छप्पन्न. यंत्र ठीक आहे.

१५ एप्रिल
यंत्रात राजनंदिनीच्या नावाखाली रोज नवा फोटो येतोय. मी काढत नाही. शिरांची वळणं माझ्या डोळ्याची, आकडा चोपन्न. माझ्या नावावर सदुसष्ट.

१७ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं. मामाच्या पाया पडले. तो म्हणाला, आता काय उपेग.

२० एप्रिल
एकाहत्तर. भर दुपारी वही कडेने काळी — मधलं एवढंच अक्षर —

२१ एप्रिल
अंदाजाने लिहितेय. रुग्णाच्या खुर्चीत मला बसवलं — हात ओले, गार — यंत्रामागून म्हणते, हनुवटी टेकवा. रागावत नाही. मी खरं तेच लिहीन म्हणते —
नाव विचारलं. सुकन्या, मी म्हणाले. कागद चाळतेय.
म्हणते, या नावावर तर डोळेच —