रमजानभाईंची जांभई

प्रिय रमजानभाई,

तुम्ही गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी वराळ्यात नसीमकडे गेलो होतो. तिथे तुमची लेक जे बोलली, त्याचे उत्तर मला तुम्हालाच दिले पाहिजे. उशीर झाला आहे, हे मान्य.

आधी आपला कार्यक्रम नीट मांडतो. लोणावळ्यातल्या त्या हॉटेलात, रविवारी दुपारच्या जेवणानंतर, मी पेटी आणि फळा घेऊन पर्यटकांना संगीत समजावून सांगायचो. तुम्ही वरातीच्या बँडचा लाल कोट घालून माझ्यामागे खुर्चीत पेंगायचात. मी करुण रसाची व्याख्या सांगू लागलो, की तुमची क्लॅरिनेट जांभई द्यायची!

ती जांभई किती कौशल्याची होती, हे कुणाला कळले असेल का? ओठ सैल सोडले की सूर खाली घसरतो. त्याच वेळी बोटांनी भोके हळूहळू झाकत नेली, की एक अखंड उतरण तयार होते. एवढे सगळे एका दमात! बत्तीस वर्षे शाळेत संगीत शिकवले, पण मींड म्हणजे काय, हे इतके स्वच्छ मला कधी दाखवता आले नाही.

आणि तुमची जीभही काही गप्प बसायची नाही.

“मास्तर, आवरा की! मानसं जेवून आल्यात, परीक्षेला न्हाई!”

“रमजानभाई, विषय महत्त्वाचा आहे.”

“व्हय, तवाच तर झोप लागली!”

लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहत. मला वाटे, ते जांभईला हसतात आणि माझे विवेचन मन लावून ऐकतात. पाचव्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, “सर, बावळट मास्तर काय झकास करता तुम्ही!” मी तर काहीच करत नव्हतो. मी शिकवत होतो.

सहाव्या रविवारी तुम्हाला ऐन जांभईत खोकला आला, सूर मध्येच तुटला. लोक उलट जास्तच हसले. सोमवारी मी व्यवस्थापकांना कळवले, की यापुढे जमणार नाही. त्यांनी दोनदा विनवले. तुम्हाला मात्र सांगितले, की हॉटेलवाल्यांनीच बंद केले.

“माझ्या खोकल्यापायी व्हय, मास्तर?” तुम्ही विचारलेत.

मी गप्प राहिलो. नाही म्हटले असते, तर पुढचा प्रश्न आला असता. त्यानंतर वरातीतही तुम्ही क्लॅरिनेट धरली नाहीत, झांजा वाजवल्यात. मी त्याचे कारण वय समजलो. की तसे समजणे मला सोयीचे होते?

परवा नसीम म्हणाली, “अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, माझा दम तुटला अन् मास्तरांचा चांगला चाललेला कार्यक्रम बुडाला.”

“तसं काही नव्हतं,” मी म्हणालो.

“तुमचा मोठेपणा, सर,” ती म्हणाली, आणि माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्यायलो. मग निघून आलो.

खरे बोललो, तर ती त्याला माझे सौजन्य समजली. आणि मी तिला तसे समजू दिले. म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा केली, रमजानभाई.

येत्या रविवारी मी पुन्हा वराळ्याला जाईन. कार्यक्रम मी बंद केला, लोक मला हसतात हे सहन झाले नाही म्हणून, आणि तुम्हाला मी खोटे सांगितले, असे नसीमला सांगेन. तिच्या मुलांसमोर सांगेन. ती चहा करायला उठायच्या आत सांगेन.

तुमचा अपराधी,
विश्वनाथ मास्तर